एडवर्ड हार्टली अँगल

एडवर्ड हार्टली अँगल (जन्म: १ जून १८५५, हेरिक, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू: ११ ऑगस्ट १९३०, सँटा मोनिका, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन दंतवैद्य, शिक्षक आणि उपकरणांचे संशोधक होते. वाकडे दात सरळ करणे आणि जबड्यांची परस्परांशी असलेली ठेवण सुधारणे हे दंतवैद्यकातील एक किरकोळ काम मानले जात असताना त्यांनी त्याला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. त्यामुळे त्यांना आधुनिक दंतव्यंगोपचारशास्त्राचे, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्सचे, जनक म्हटले जाते. दातांच्या चुकीच्या मिळणीचे त्यांनी १८९९ मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही जगभरातील दंत महाविद्यालयांत शिकवले जाते. त्यांनी तयार केलेले 'एजवाइज' हे उपकरण आजच्या बहुतेक स्थिर तारांच्या उपचारपद्धतींचे मूळ आहे. वाढत्या वयातील मुलांवर वेळेत उपचार करण्याचा आग्रह आणि उपचारासाठी दात काढण्यास केलेला कडवा विरोध या दोन गोष्टींसाठीही त्यांचे नाव घेतले जाते. त्यांपैकी पहिली बऱ्याच अंशी टिकली. दुसरी मात्र त्यांच्याच शिष्यांनी पुढे मोडून काढली.

बालपण आणि शिक्षण

अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ब्रॅडफर्ड परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव फिलिप आणि आईचे इझाबेल होते. सात भावंडांत त्यांचा क्रमांक पाचवा होता. शाळेच्या अभ्यासापेक्षा त्यांना हत्यारे, अवजारे आणि यंत्रे हाताळण्याची अधिक आवड होती. शेतातील अवजारे दुरुस्त करणे व नवी बनवून पाहणे यात त्यांचा वेळ जात असे. हाताच्या या कौशल्याला योग्य क्षेत्र म्हणून त्यांनी दंतवैद्यकाची निवड केली. १८७८ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी या संस्थेतून पदवी घेतली आणि त्याच राज्यातील टोवांडा या गावी व्यवसाय सुरू केला.

दातांच्या वाकडेपणावरील उपचारांकडे ते याच काळात वळले. मात्र छातीच्या विकाराने त्यांची प्रकृती खालावली आणि कोरड्या हवेसाठी त्यांना पेनसिल्व्हेनिया सोडावे लागले. ते मिनेसोटातील मिनीआपोलिस येथे गेले. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी मोंटाना प्रदेशात मेंढपालनाचा प्रयोग केला, परंतु कडक हिवाळ्यात कळपाची हानी होऊन हा व्यवसाय बुडाला. त्यानंतर ते मिनीआपोलिसला परतले आणि पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले. १८८० च्या दशकाच्या मध्यास तेथील मिनेसोटा हॉस्पिटल कॉलेजच्या दंतविभागात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. ऊतिशास्त्राबरोबरच दंतव्यंगोपचार हा विषयही ते तेथे शिकवत असत.

तत्कालीन पार्श्वभूमी

अँगल यांच्या आधीही दात सरळ करण्याचे प्रयत्न झाले होते. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका धातूच्या पट्टीचे वर्णन आहे. ही पट्टी दातांना दोऱ्याने बांधून दातांची कमान रुंद केली जात असे. अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी १८६० मध्ये एका किशोरवयीन मुलीच्या टाळूवर आडवा स्क्रू बसवून वरचा जबडा रुंद केल्याची नोंद प्रसिद्ध केली. टाळूच्या मध्यरेषेवरील सांधा उघडतो हे त्यांचे म्हणणे तेव्हा अनेकांना पटले नाही. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात ते सिद्ध करण्याचे साधनही नव्हते. नॉर्मन किंग्जली यांनी १८८० मध्ये मुखातील व्यंगांवर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. जॉन फरार यांनी दातांवर द्यावयाच्या बलाचा पद्धतशीर अभ्यास केला.

हे सर्व काम महत्त्वाचे असले तरी विखुरलेले होते. प्रत्येक दंतवैद्य प्रत्येक रुग्णासाठी वेगळे उपकरण घडवत असे. रोगनिदानाला समान भाषा नव्हती. पुढे आलेले किंवा आत गेलेले दात ओळीत आणणे एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असे. वरचे आणि खालचे दात परस्परांवर कसे बसतात याचा विचार क्वचितच होत असे. गर्दी दिसली की एखादा दात उपटून जागा करणे ही सर्वमान्य रीत होती. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याच्या वयात मुलांच्या जबड्यात दिसणारी व्यंगे आपोआप बरी होतील, असाही सार्वत्रिक समज होता.

१८८७ चा प्रबंध आणि ग्रंथलेखन

१८८७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत अँगल यांनी आपल्या उपचारपद्धतीवर प्रबंध वाचला. त्याचे स्वागत एकमुखी नव्हते. त्याच वर्षी त्यांच्या पद्धतीची माहिती देणारे पहिले लेखन प्रसिद्ध झाले. थोडेसेच निवडक सुटे भाग आधीच तयार ठेवावेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या जुळणीतून बहुतेक रुग्णांसाठी उपकरण उभे करावे, ही त्यामागील कल्पना होती. स्क्रू, नळ्या, पट्ट्या आणि तारा यांचे हे संच कारखान्यात बनवता येण्याजोगे होते. त्यामुळे सोनारकामात निष्णात नसलेल्या दंतवैद्यालाही उपचार करणे शक्य झाले. सोन्याऐवजी तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रणाचा, म्हणजे जर्मन सिल्व्हरचा, वापर करून त्यांनी खर्चही कमी केला.

या लेखनाच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या आणि पुस्तिकेचा मोठा ग्रंथ झाला. १९०० मधील सहाव्या आवृत्तीत दातांच्या व्यंगांबरोबर जबड्याच्या अस्थिभंगावरील उपचारांचाही समावेश होता. १९०७ मधील सातवी आवृत्ती सर्वांत विस्तृत असून ती दीर्घकाळ या विषयाचा प्रमाणग्रंथ मानली गेली.

१८९२ च्या सुमारास अँगल यांनी सर्वसाधारण दंतवैद्यक सोडून केवळ दंतव्यंगोपचाराचा व्यवसाय करण्याचे ठरवले. केवळ याच शाखेला वाहून घेतलेले पहिले तज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १८९० च्या दशकात ते सेंट लुई येथे स्थायिक झाले. तेथील मॅरियन-सिम्स कॉलेज ऑफ मेडिसिनमधून त्यांनी वैद्यकाची पदवीही मिळवली.

दातांच्या मिळणीचे वर्गीकरण

अँगल यांचे सर्वांत टिकाऊ योगदान म्हणजे १८९९ मध्ये 'डेंटल कॉसमॉस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले वर्गीकरण होय. जबडे मिटल्यावर वरचे व खालचे दात परस्परांत कसे बसतात, म्हणजेच दंतमिलन, हा त्याचा पाया आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ ही त्यांनी किल्लीसारखी मानली. वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसला, तर दोन्ही कमानींचा पुढे-मागे असलेला संबंध योग्य आहे, असे त्यांनी ठरवले. या संबंधावरून त्यांनी तीन वर्ग केले.

पहिल्या वर्गात दाढांचा संबंध योग्य असतो, परंतु पुढचे दात वाकडे, दाटीवाटीचे किंवा जागा सोडून असतात. दुसऱ्या वर्गात खालची कमान वरच्या कमानीच्या तुलनेत मागे असते. त्याचे दोन उपविभाग आहेत: पहिल्यात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात, तर दुसऱ्यात ते आत कललेले असतात. तिसऱ्या वर्गात खालची कमान वरच्या कमानीच्या पुढे असते. त्यामुळे अनेकदा खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात आणि हनुवटी पुढे आलेली दिसते.

या वर्गीकरणाने दोन गोष्टी साध्य झाल्या. दूरच्या दोन गावांतील दंतवैद्यांना एकाच शब्दाने एकच स्थिती सांगता येऊ लागली. त्याचबरोबर दात केवळ ओळीत असणे पुरेसे नाही, ते समोरच्या दातांशी नीट मिळाले पाहिजेत, हा विचार उपचाराच्या केंद्रस्थानी आला. दात ज्या सलग, गोलाईदार रेषेवर असावेत त्या मिलनरेषेची कल्पनाही अँगल यांनीच मांडली.

वर्गीकरणाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. ते फक्त पुढे-मागे या एकाच दिशेचा विचार करते. जबड्याची रुंदी आणि चाव्याची खोली त्यात मोजली जात नाही. त्यामुळे एखाद्या मुलाच्या एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असल्या, तरी केवळ वर्गाच्या क्रमांकावरून ते व्यंग कळत नाही. शिवाय दोष दातांत आहे की मूळ जबड्याच्या हाडात, हेही त्यातून समजत नाही. वरची पहिली दाढ कवटीच्या संदर्भात स्थिर असते हे अँगल यांचे गृहीतकही पुढील संशोधनात टिकले नाही. या उणिवा भरून काढण्यासाठी नंतरच्या काळात पूरक पद्धती निघाल्या, तरी प्राथमिक वर्णनासाठी अँगल यांचे तीन वर्गच कायम राहिले.

मुलांमधील क्रॉसबाइट आणि जबड्यांची विसंगती

निरोगी मुखात वरची दंतकमान खालच्या कमानीपेक्षा किंचित रुंद असते आणि डब्याच्या झाकणाप्रमाणे तिला बाहेरून वेढते. याच्या उलट स्थितीला क्रॉसबाइट म्हणतात. वरचा एखादा पटाशीचा दात खालच्या दातांच्या मागे अडकला तर तो पुढचा क्रॉसबाइट होय. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसल्या तर तो मागचा क्रॉसबाइट होय. टाळू अरुंद असलेल्या मुलाला दात मिटताना उंचवट्यावर उंचवटा आल्याने अडचण होते. मग ते मूल चावण्यासाठी खालचा जबडा एका बाजूला सरकवते. ही सवय वाढीच्या काळात टिकली तर जबड्याची वाढ दोन्ही बाजूंनी सारखी न होण्याचा आणि चेहरा एकीकडे झुकलेला दिसण्याचा धोका असतो.

मुलांवर कमी वयात उपचार करण्याचा अँगल यांचा आग्रह अशा निरीक्षणांवर उभा होता. दंतमिलनातील दोष हे स्थिर नसून वयाबरोबर वाढत जातात, असे त्यांचे मत होते. एक दात चुकीच्या जागी अडकला की समोरचा आणि शेजारचा दातही त्याच्या मागे जातो. ओठ, गाल आणि जीभ यांचा दाबही मग त्या चुकीच्या ठेवणीला अनुकूल होतो. वाढणाऱ्या हाडाला योग्य दिशेने थोडासा रेटा मिळाला तर उरलेले काम निसर्गच करतो, ही त्यांची धारणा होती. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते, या जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांच्या सिद्धांताचा त्यांच्यावर प्रभाव होता.

व्यंगाच्या कारणांविषयीही त्यांनी विचार केला. नाकाच्या मागील गाठी वाढल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. ओठ उघडे राहिल्याने व जीभ खाली गेल्याने वरची कमान अरुंद होते आणि पुढचे दात बाहेर येतात. दुसऱ्या वर्गाच्या पहिल्या उपविभागातील मुलांमध्ये हे वारंवार दिसते, असे त्यांनी मांडले. त्यामुळे अशा मुलांच्या दातांवर उपचार करण्यासोबत नाकाचा मार्ग मोकळा करणेही आवश्यक आहे, हा त्यांच्या शिकवणीचा भाग होता.

अरुंद कमान रुंद करण्यासाठी त्यांनी वापरलेले मुख्य साधन म्हणजे विस्तारक कमान, जी पुढे 'ई-कमान' या नावाने ओळखली गेली. दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांवर धातूच्या पट्ट्या घट्ट बसवून त्यांना नळ्या जोडलेल्या असत. दातांच्या बाहेरून जाणारी एक जाड, लवचीक तार या नळ्यांत अडकवली जाई. तिच्या टोकांवरील आट्यांवर लहान नट असे. तो फिरवला की कमान पुढे सरकत असे. आत अडकलेले दात बारीक तारेने या कमानीला बांधले की ते हळूहळू बाहेर ओढले जात. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांत वरच्या व खालच्या कमानींमध्ये रबराचे वळे ताणून बसवले जाई. ही युक्ती हेन्री बेकर यांच्या नावाने अँगल यांनीच प्रसिद्ध केली. खालचा जबडा पुढे येणाऱ्या तिसऱ्या वर्गातील मुलांच्या बाबतीत मात्र उशीर करणे विशेष घातक ठरते, असे त्यांनी बजावले. पूर्ण वाढ झाल्यावर त्या जबड्यावर तारांचा फारसा परिणाम होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. अशाच एका प्रौढ रुग्णावर सेंट लुई येथे १८९७ मध्ये व्हिल्रे ब्लेअर यांनी खालच्या जबड्याचे दोन्ही बाजूंचे हाड कापून तो मागे नेण्याची शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेशी अँगल यांचा संबंध होता आणि त्यांनी तिच्यावर लेखनही केले.

ई-कमानीचा एक मोठा दोष होता. ती दाताचा वरचा भाग बाहेर कलवत असे, परंतु मूळ जागीच राहत असे. त्यामुळे रुंद केलेली कमान उपचार संपल्यावर पुष्कळदा पुन्हा अरुंद होई. पुढील २५ वर्षे अँगल यांनी केलेल्या संशोधनाला या अपयशानेच दिशा दिली.

स्वतंत्र शाखेसाठी प्रयत्न

विद्यापीठांच्या दंतविभागांत दंतव्यंगोपचाराला पुरेसा वेळ मिळावा, यासाठी अँगल यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. एकामागून एक संस्थांत शिकवूनही अभ्यासक्रमात या विषयाला दुय्यम स्थानच मिळत राहिले. अखेर विद्यापीठांबाहेर जाण्याचा निर्णय घेऊन त्यांनी १९०० मध्ये सेंट लुई येथे अँगल स्कूल ऑफ ऑर्थोडॉन्शिया ही शाळा सुरू केली. केवळ या विषयाला वाहिलेली ही पहिली शाळा होय. पदवीधर दंतवैद्यांना येथे काही आठवड्यांचा सखोल अभ्यासक्रम शिकवला जाई. उपकरणांच्या कामाबरोबर शरीररचना, नाक-घशाचे विकार आणि चेहऱ्याचे सौंदर्यशास्त्र हे विषयही त्यात असत. सौंदर्यशास्त्रासाठी त्यांनी सेंट लुई येथील चित्रकला शिक्षक एडमंड वुर्पेल यांची मदत घेतली. प्राचीन ग्रीक शिल्पातील चेहरा हा सर्वांसाठी एकच आदर्श असू शकेल, अशी अँगल यांची आरंभीची समजूत होती. प्रत्येक चेहऱ्याचा समतोल वेगळा असतो, हे वुर्पेल यांनी त्यांना पटवून दिले.

या शाळेतील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक व्यावसायिक संघटना उभी राहिली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. आजच्या अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या संस्थेचे मूळ तिच्यातच आहे. १९०७ मध्ये 'द अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट' हे या विषयाचे पहिले नियतकालिक निघाले. ते १९१२ पर्यंत चालले.

दात काढण्याचा वाद

आरंभीच्या लेखनात अँगल यांनी काही रुग्णांचे दात काढण्यास मान्यता दिली होती. परंतु शतक बदलण्याच्या सुमारास त्यांचे मत पूर्णपणे पालटले. निसर्गाने दिलेले सर्व ३२ दात मुखात सामावू शकतात आणि त्यांच्या योग्य मिळणीतूनच चेहऱ्याचे खरे सौंदर्य साकारते, असे ते मानू लागले. परिपूर्ण दंतमिलन असलेल्या एका मानवी कवटीला त्यांनी 'ओल्ड ग्लोरी' असे नाव दिले होते. तिचे छायाचित्र त्यांच्या ग्रंथात आदर्श म्हणून छापलेले आहे. कमान रुंद केली की तिच्यामागे हाडही वाढेल, असा त्यांचा विश्वास होता.

शिकागोचे कॅल्व्हिन केस यांनी या मताला विरोध केला. जबड्याचा आकार आनुवंशिक असू शकतो आणि प्रत्येक जबड्यात सर्व दातांना पुरेल इतके हाड असतेच असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी सर्व दात ठेवण्याच्या हट्टापायी दात ओठांकडे ढकलले जातात व चेहरा बिघडतो, असे ते सांगत. १९११ मध्ये नॅशनल डेंटल असोसिएशनच्या अधिवेशनात केस आणि अँगल यांचे शिष्य मार्टिन ड्यूई यांच्यात या प्रश्नावर जाहीर वाद झाला. दंतव्यंगोपचाराच्या इतिहासात हा वाद प्रसिद्ध आहे. तत्कालीन बहुमत अँगल यांच्या बाजूने राहिले. त्यानंतर सुमारे दोन दशके अमेरिकेत उपचारासाठी दात काढणे जवळपास निषिद्ध झाले.

उपकरणांचा विकास

दाताचे मूळ हलवता यावे यासाठी अँगल यांनी १९१० च्या सुमारास 'पिन आणि नळी' हे उपकरण तयार केले. यात प्रत्येक दातावर पट्टी आणि तिच्यावर उभी नळी असे. मुख्य तारेला जोडलेल्या पिना या नळ्यांत बसत. हे उपकरण अचूक असले तरी दात जरा हलला की पिन काढून नव्या जागी डाखावी लागे. हे काम इतके नाजूक होते की फार थोड्यांना ते जमले. १९१५ च्या सुमारास त्यांनी 'रिबन आर्च' हे उपकरण आणले. त्यात नळीऐवजी उभी खाच असलेले ब्रॅकेट होते. दातावर बसवलेल्या ब्रॅकेटमधून तार जाणे ही आजची परिचित रचना येथून सुरू झाली. मात्र त्यातही मुळांवर पूर्ण नियंत्रण मिळत नव्हते.

अखेर १९२५ मध्ये त्यांनी ब्रॅकेटची खाच आडवी केली आणि चौकोनी छेदाची तार कडेच्या बाजूने तिच्यात बसवली. यावरूनच या उपकरणाला 'एजवाइज' हे नाव मिळाले. खाचेचे माप ०.०२२ इंच × ०.०२८ इंच असे होते. चौकोनी तार चौकोनी खाचेत घट्ट बसत असल्याने एकाच तारेने दात पुढे-मागे, वर-खाली आणि मुळाच्या झुकावासह हलवता येऊ लागला. १९२८-२९ मध्ये 'डेंटल कॉसमॉस'मधील लेखमालेतून त्यांनी या उपकरणाची सविस्तर माहिती दिली. तेव्हा त्यांचे वय ७० वर्षांच्या पुढे होते. खाचेचे हेच माप आजही प्रचलित मापांपैकी एक आहे.

पॅसाडिना येथील काळ आणि शिष्य

सेंट लुईनंतर अँगल यांनी न्यू यॉर्क व कनेक्टिकटमधील न्यू लंडन येथे काही काळ अध्यापन केले. प्रकृतीच्या कारणाने निवृत्तीच्या विचारात ते कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे स्थायिक झाले, परंतु शिष्यांच्या आग्रहावरून तेथेही अध्यापन सुरू झाले. १९२० च्या दशकात या शाळेसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

त्यांच्या शिष्यांनी या शास्त्राच्या अनेक शाखा विकसित केल्या. अल्बर्ट केचम यांच्या पुढाकाराने १९२९ मध्ये अमेरिकेतील या शाखेचे तज्ज्ञ-परीक्षा मंडळ स्थापन झाले. हॉली ब्रॉडबेंट यांनी १९३१ मध्ये डोक्याचे प्रमाणित क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोष दातांत आहे की जबड्यात, या प्रश्नाचे मोजता येण्याजोगे उत्तर त्यामुळे मिळू लागले. ॲलन ब्रॉडी यांनी इलिनॉय विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाचा विभाग उभा केला. चार्ल्स ट्वीड यांच्या प्रयत्नांतून १९२९ मध्ये ॲरिझोना राज्यात दंतव्यंगोपचाराला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता देणारा अमेरिकेतील पहिला कायदा झाला.

वैयक्तिक जीवन आणि स्वभाव

अँगल यांचा पहिला विवाह १८८७ मध्ये फ्लॉरेन्स कॅनिंग यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी होती. १९०८ मध्ये त्यांनी ॲना हॉपकिन्स यांच्याशी दुसरा विवाह केला. ॲना आरंभी त्यांच्या सचिव होत्या. पुढे त्यांनी आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि अँगल यांच्या शाळेत शिक्षण घेतले. ग्रंथलेखन, शाळेचा कारभार आणि विद्यार्थ्यांची काळजी यांत त्यांचा मोठा वाटा होता. शिष्यवर्ग त्यांना आईच्या ठिकाणी मानत असे.

अँगल शिस्तप्रिय, परिपूर्णतेचा ध्यास असलेले आणि मतभेद सहन न करणारे होते. शिष्यांकडून ते निष्ठेची अपेक्षा करत आणि वेगळी वाट धरणाऱ्यांशी संबंध तोडत. त्यांनी आपल्या अनेक उपकरणांची पेटंटे घेतली होती, त्यावरूनही समकालीनांत नाराजी होती. याच कठोर स्वभावामुळे त्यांच्या हयातीत दात काढण्याच्या प्रश्नावर त्यांच्या गोटात मोकळी चर्चा होऊ शकली नाही.

मृत्यू आणि नंतरचे बदल

११ ऑगस्ट १९३० रोजी सँटा मोनिका येथे अँगल यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्यांनी 'द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट' हे नियतकालिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच दात न काढण्याच्या तत्त्वाला त्यांच्या सर्वांत निष्ठावान शिष्यांकडूनच आव्हान मिळाले. चार्ल्स ट्वीड यांना आपल्याच रुग्णांची तपासणी करताना आढळले की अनेकांचे दात पुन्हा वाकडे झाले आहेत आणि चेहरे पुढे आलेले दिसत आहेत. त्यांनी अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि दोन्ही वेळचे निकाल व्यावसायिकांपुढे ठेवले. ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग १९२४-२५ मध्ये पॅसाडिना येथे शिकले होते. तेही मायदेशी परतल्यावर याच निष्कर्षाला आले. ट्वीड यांनी अँगल यांचे एजवाइज उपकरणच वापरले, तर बेग यांनी त्यांच्या रिबन आर्चमध्ये बदल करून हलक्या तारांची पद्धत विकसित केली. अशा रीतीने गुरूचे तत्त्व मागे पडले, पण ते मागे टाकण्यासाठी वापरलेली साधने गुरूचीच होती. आज दात काढावेत की नाहीत याचा निर्णय प्रत्येक रुग्णाच्या हाडाचा, दातांचा व चेहऱ्याचा स्वतंत्र अभ्यास करून घेतला जातो.

कमी वयातील उपचारांविषयीची त्यांची भूमिका अधिक तपशिलाने तपासली गेली. एमर्सन अँजेल यांची टाळू रुंद करण्याची पद्धत अँड्र्यू हास यांनी १९६१ मध्ये पुन्हा प्रचारात आणली. टाळूचा मधला सांधा लहानपणी सैल असून किशोरवयानंतर घट्ट होत जातो, हे आता सर्वज्ञात आहे. म्हणून जबडा बाजूला सरकवणारा मागचा क्रॉसबाइट आणि दातांना वा हिरडीला इजा करणारा पुढचा क्रॉसबाइट यांवर मिश्र दातांच्या वयातच उपचार करणे सामान्यतः योग्य मानले जाते. तिसऱ्या वर्गातील काही मुलांतही लवकर सुरुवात उपयुक्त ठरते. दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत मात्र अमेरिका व ब्रिटनमध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत वेगळे चित्र दिसले. पुढे आलेल्या दातांना इजा होण्याचा धोका कमी करणे वगळता, लवकर सुरू केलेल्या दोन टप्प्यांच्या उपचाराचा अंतिम निकाल किशोरवयातील एका टप्प्याच्या उपचारापेक्षा फारसा चांगला नसतो, असे त्यांतून आढळले. सर्वच व्यंगांवर शक्य तितक्या लवकर उपचार करावेत, या अँगल यांच्या सरसकट मताची जागा आता व्यंगाच्या प्रकारानुसार वेळ ठरवण्याच्या पद्धतीने घेतली आहे.

भारतात इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ मध्ये झाली. महाराष्ट्रासह देशभरातील दंत महाविद्यालयांत दंतव्यंगोपचार हा स्वतंत्र विभाग असून तेथे विद्यार्थ्यांचा या विषयाशी पहिला परिचय बहुधा अँगल यांच्या तीन वर्गांपासूनच होतो. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या मुलाला तपासताना दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांचा संबंध पाहून नोंद करणे हा आजही तपासणीचा नेहमीचा भाग आहे.